चालतं ठेवणाऱ्यांचा पगार



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर शाळेत बीजगणित शिकवत आणि शाळा सुटली की पतपेढीचे हिशेब तपासत. मेळ लागल्याशिवाय ते घरी जात नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज मी विषयही मेळ लावणाऱ्यांचाच घेतला आहे. ही माणसं ज्या वह्या सांभाळतात त्या अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, सरकारी खात्यांच्या आहेत. त्या मेनफ्रेम नावाच्या यंत्रांत आहेत, आणि त्यांतले बरेचसे नियम इथे बसलेल्या तरुण मंडळींच्या जन्माआधी लिहिले गेले. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षं हेच काम केलं. आज बोलायचं आहे ते या कामाच्या पगाराबद्दल आणि यात पुढे वाट आहे का, याबद्दल. घरोघरी मुलांना हाच प्रश्न विचारला जातो, तर तो सभेतही मोकळेपणाने विचारावा.

2020 च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी करोनाच्या पत्रकार परिषदेत बोलत होते. वैद्यकीय सेवेसाठी माणसं हवीत हे सांगता सांगता त्यांनी आणखी एक मागणी केली. कोबॉल ही संगणकाची जुनी भाषा येणारे स्वयंसेवक हवेत, असं ते म्हणाले. राज्यातला बेकारी भत्ता ज्या यंत्रणेतून वाटला जाई, ती चाळीस वर्षांहून जुनी होती. मार्चच्या सुरुवातीला सगळ्या अमेरिकेतून आठवड्याला दोन लाखांच्या आसपास नवे अर्ज येत होते. महिनाअखेरच्या आठवड्यात ते 66 लाखांवर गेले. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली की कोबॉल जाणणारे मिळेनासे झाले आहेत. आमच्या व्यवसायातल्या कित्येकांना तेव्हा नातेवाइकांचे फोन आले: आता तुमचे दिवस आले म्हणायचे!

मला त्या बातमीतली एक गोष्ट टोचत राहिली. ज्या कौशल्यावाचून लाखो घरांत पैसे पोचत नाहीत, ते कौशल्य एक संपन्न राज्य विनामूल्य मागत होतं. टंचाई आहे म्हणायचं आणि किंमत सांगायची नाही. दुसरी गोष्ट नंतर पुढे आली. संगणकाच्या इतिहासाच्या अभ्यासक मार हिक्स यांनी दाखवून दिलं की त्या धावपळीत मोडून पडली ती अर्ज भरून घेणारी, नंतरच्या काळात जावा या नव्या भाषेत बांधलेली वेबसाइट. तिच्यामागची कोबॉलची यंत्रणा उभी होती. दोष मात्र जुन्या भाषेच्या नावावर लिहिला गेला, आणि तो अजून पुसला गेलेला नाही.

मेनफ्रेम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आयबीएमने 7 एप्रिल 1964 रोजी सिस्टम/360 ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोवर नवं यंत्र घेतलं की जुने प्रोग्रॅम बहुधा पुन्हा लिहावे लागत. या मालिकेतल्या लहान यंत्रासाठी लिहिलेलं काम मोठ्या यंत्रावरही चालेल, अशी हमी आयबीएमने दिली, आणि पुढच्या पिढ्यांतही ती पाळली. स्मृतीतले पत्ते 24 बिटांचे होते, ते 31 बिटांचे झाले, 2000 साली 64 बिटांचे झाले, तरी साठ-सत्तरच्या दशकातला प्रोग्रॅम आजही चालू शकतो. यंत्र स्वतः मुळीच जुनं नसतं; झेड17 ही ताजी पिढी 2025 सालची आहे. कोबॉल ही भाषा 1959 साली नेमलेल्या समितीतून आली, खास व्यापारी हिशेबांसाठी. तिचा एक गुण बँकांना सोडवत नाही. दहा पैसे म्हणजे 0.1 रुपया, ही साधी रक्कम संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. शेपूट कुठेतरी तोडावं लागतं. कोबॉल आणि मेनफ्रेम दशमान रक्कम दशमान पद्धतीनेच साठवतात आणि तशीच मोजतात. कोट्यवधी खात्यांवर रोज रात्री व्याज चढवताना हा फरक कळतो.

आता हे सगळं आपल्याकडे कसं आलं, ते पाहू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस 1968 साली मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली तिचे धुरीण होते. सत्तरच्या दशकात बरोज या अमेरिकी संगणक कंपनीकडून त्यांना एक काम मिळालं. रुग्णालयांच्या हिशेबाची यंत्रणा बरोजच्या मध्यम यंत्रांवरच्या कोबॉलमध्ये होती, ती त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबॉलमध्ये आणायची होती. मुंबईत बरोजचं यंत्र नव्हतं. होतं ते आयसीएल 1903, वेगळ्याच कंपनीचं. त्यावर बसून इथल्या माणसांनी ते काम केलं. भारतातून सॉफ्टवेअर निर्यात होण्याची सुरुवात ज्या कामांतून झाली, त्यांतलं हे एक. आपण आज ज्या उद्योगाचा अभिमान बाळगतो, त्याचा पायाच असा दुसऱ्याने लिहिलेलं वाचून, समजून, न बिघडवता पुढे नेण्याच्या कामात आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नंतर याच उद्योगाने या कामाला खालच्या पायरीवर बसवलं.

मग 2000 साल आलं. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे साठवले होते, त्यामुळे 00 म्हणजे 1900 की 2000, हा घोळ होणार होता. मुंबई-पुण्यातली हजारो मुलंमुली त्या दुरुस्तीवर बसली. माझ्या पिढीतल्या अनेकांना पहिलं पारपत्र आणि आईवडिलांना पहिला विमानप्रवास याच कामाने दिला. अमेरिकी विमा कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये बदललेल्या ओळीशेजारी बदल करणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख टाकायची पद्धत आहे. तिथे आजही 1998 सालच्या तारखांपाशी आपल्याकडच्या आडनावांची आद्याक्षरं दिसतात. ती पाहिली की मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटे.

आता वर्तमानात येऊ. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या एखाद्या मोठ्या सेवा कंपनीत लागलेला नवा अभियंता सहसा मेनफ्रेम निवडत नाही. प्रशिक्षण संपतं, वाटपाची यादी येते आणि त्याच्या नावापुढे मेनफ्रेम असतं. त्या संध्याकाळी घरी जाणारे फोन मी मार्गिकेत उभी असताना ऐकले आहेत. “आई, मला मेनफ्रेम मिळालं गं.” आवाज पडलेला. मैत्रिणीला क्लाउड मिळालेलं असतं, कुणाला जावा. एकदा शिक्का बसला की दुसरीकडे कुणी घेणार नाही, ही त्या वयातली मोठी भीती असते, आणि ती निराधार नाही. तीन-चार वर्षं फक्त रात्रीची बॅच, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं, बंद पडली की पुन्हा सुरू करून देणाऱ्या मुलाला बाजार खरोखर विचारत नाही.

पगाराचं म्हणाल, तर सुरुवातीला मेनफ्रेमवाल्याचा आणि क्लाउडवाल्याचा सारखाच असतो. मोठ्या सेवा कंपन्यांत सर्वसाधारण भरतीतून आलेल्या नवख्याला वर्षाला तीन ते साडेतीन लाखांच्या घरात मिळतात, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षं जवळजवळ तिथेच खिळून राहिला आहे. दरम्यान पुण्यातलं खोलीभाडं आणि डब्याचे दर कुठच्या कुठे गेले, हे मी सांगायला नको. मग प्रश्न पडतो: कोबॉलवाले मिळत नाहीत अशी ओरड एकीकडे आणि कोबॉल करणाऱ्याचा पगार हलत नाही दुसरीकडे, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

याचं एक उत्तर करारात आहे. ग्राहक माणशी, तासावर पैसे मोजतो. दर काही वर्षांनी करार नवा करायची वेळ येते तेव्हा तो म्हणतो, यंत्रणा आता तुमच्या हातात बसली, दर उतरवा. दर उतरले की कंपनीला खालच्या पायरीवर जास्त आणि वरच्या पायरीवर थोडी माणसं ठेवावी लागतात. म्हणजे जो मुलगा सहा-सात वर्षं राबून ती यंत्रणा खऱ्या अर्थाने समजू लागला, नेमका तोच त्या कामासाठी महाग ठरतो. त्याला दुसऱ्या प्रकल्पावर हलवतात, नाहीतर तो कंटाळून जातो, आणि महिनाभराच्या केटीत त्याचं सगळं नव्या मुलाच्या हाती देण्यात येतं. आमच्या धंद्यात केटी म्हणजे ज्ञान हस्तांतर. चाळीस वर्षांत साठलेलं ज्ञान चार आठवड्यांच्या कॉलवर हस्तांतरित होतं, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं.

दुसरं उत्तर अर्थशास्त्रातलं आहे. सिस्टम/360 जाहीर झाली त्याच 1964 साली गॅरी बेकर यांचा मानवी भांडवलावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे 1992 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी कौशल्याचे दोन प्रकार सांगितले. एक कुठल्याही मालकाकडे उपयोगी पडणारं. ते ज्याच्याकडे असतं त्याला बाजारभाव मिळतो, कारण तो उठून दुसरीकडे जाऊ शकतो. दुसरं एकाच मालकाच्या कामी येणारं. त्याचं मोल त्या मालकाला कितीही असलं, तरी बाहेर त्याला गिऱ्हाईक नसतं, आणि म्हणून ते बाळगणाऱ्याला घासाघीस करता येत नाही. मेनफ्रेम सांभाळणाऱ्याचं खरं ज्ञान या दुसऱ्या प्रकारातलं आहे. कोबॉल भाषा हुशार मुलीला दोन-तीन महिन्यांत येते. जेसीएल, डीबी2 डेटाबेस, सीआयसीएस या मेनफ्रेमवरच्या साधनांना आणखी थोडा वेळ लागतो. टंचाई त्याची नाहीच. टंचाई आहे ती या अमुक विमा कंपनीच्या या अमुक प्रोग्रॅममध्ये हा नियम का आहे, ते जाणणाऱ्याची.

आपल्या नगरपालिकांत पाणी सोडणारा माणूस असतो. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठला पूर्ण उघडला तर खालच्या वस्तीत पाणी चढणार नाही, हे नकाशात नसतं, त्याच्या हातात असतं. तो रजेवर गेला की गाव कोरडं पडतं. पण दुसऱ्या गावची नगरपालिका त्याला जास्त पगार देऊन बोलावणार नाही, कारण तिथले व्हॉल्व्ह वेगळे.

माझ्या कामातलं एक उदाहरण देते. एका आयुर्विमा यंत्रणेत बोनस मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक अट होती: ठरावीक दोन तारखांच्या दरम्यान दिलेल्या काही पॉलिसींना नेहमीचा हिशेब लावायचा नाही. कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं. नवा संघ ती अट चूक समजून काढायच्या बेतात होता. बरीच शोधाशोध केल्यावर ग्राहकाच्या एका निवृत्त विमागणितज्ञाकडून कळलं की त्या पॉलिसी पूर्वी दुसऱ्या कंपनीच्या होत्या, ती कंपनी विकत घेताना विमेदारांना जुनं सूत्र कायम ठेवण्याचं वचन दिलं होतं, आणि ते वचन पाळणारी सबंध इमारतीतली एकमेव गोष्ट म्हणजे त्या तीन ओळी. म्हाताऱ्या विमेदारांच्या हक्काचे पैसे त्या ओळींवर उभे होते. असं ज्ञान मिळवण्याची किंमत कुठल्या दरपत्रकात धरलेली असते?

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 साली एका निबंधात हेच तात्त्विक पातळीवर मांडलं. प्रोग्रॅम म्हणजे कागदावरच्या ओळी नव्हेत. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात त्या कामाविषयी तयार झालेली जी समज असते, ती खरी गोष्ट, आणि ती समज बाळगणारा संघ पांगला की प्रोग्रॅम चालू असला तरी मेलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या दस्तऐवजांवरून ती समज पुन्हा उभी करता येत नाही. मी हा निबंध नोकरीच्या उत्तरार्धात वाचला आणि तरुणपणी का वाचला नाही याची हळहळ वाटली. आपण करतो ते काम बुद्धीचं आहे, हे सिद्ध करायला मला तेव्हा शब्द सापडत नसत.

बेकर आणि नाउर यांना शेजारी ठेवलं की पगाराचं कोडं सुटतं. माणूस नोकरीत असेतो त्याची समज फुकट मिळत असते, म्हणून तिला भाव नाही. तो निवृत्त झाला की एकदम भाव येतो. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, म्हणजे जीएओ, हिने 2016 च्या अहवालात नोंदवलं आहे की तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाला कोबॉलच्या यंत्रणा सांभाळण्यासाठी निवृत्त कर्मचारी पुन्हा कामावर घ्यावे लागले. टेक्सासमध्ये तर 2013 साली कोबॉल काउबॉइज नावाची कंपनीच निघाली, अशा ज्येष्ठांना अडीनडीला पाठवणारी; अनुभवी माणसाला तासाला 100 डॉलरहून अधिक मिळू शकतात, असं रॉयटर्सने 2017 मध्ये लिहिलं होतं. हे आकडे समाजमाध्यमांवर फिरतात आणि आपल्याकडची मुलं ते पाहून हुरळतात. त्यांना माझं सांगणं असतं, की तो दर कोबॉलचा नाही. तो त्या माणसाने एकाच जागी घालवलेल्या तीस-चाळीस वर्षांचा आहे, आणि तोही रोजचा नाही, आग लागल्या दिवसाचा आहे.

अमेरिकेतही रोजचा पगार वेगळंच सांगतो. तिथला श्रम सांख्यिकी विभाग कॉम्प्युटर प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअर डेव्हलपर हे दोन व्यवसाय वेगळे मोजतो. मे 2023 मध्ये प्रोग्रॅमरचं मध्यक वार्षिक वेतन 99,700 डॉलर होतं, डेव्हलपरचं 1,32,270 डॉलर. 2023 ते 2033 या दशकात प्रोग्रॅमरच्या जागा 10 टक्क्यांनी घटतील आणि डेव्हलपरच्या 17 टक्क्यांच्या आसपास वाढतील, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. या दोन्ही गटांत सगळ्याच तऱ्हेची माणसं आहेत, निव्वळ मेनफ्रेमची नव्हेत. पण दुसऱ्याने ठरवलेलं कोडमध्ये उतरवणारा आणि काय बांधायचं ते ठरवणारा, यांच्यात बाजार किती अंतर ठेवतो ते इथे स्वच्छ दिसतं. मेनफ्रेमवाल्याला या रेषेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, यावर त्याची कारकीर्द ठरते.

“पण ही यंत्रंच काढून टाकली तर?” हा प्रश्न मला प्रत्येक कॉलेजात विचारतात. काढता येतात. काहींनी काढलीही. पण त्याची किंमत इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेला विचारा. ही बँक लॉइड्समधून वेगळी झाली होती आणि जुन्या मालकाच्या यंत्रणेवरच चालत होती. 2018 च्या एप्रिलमध्ये तिने सुमारे 52 लाख ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर हलवली. सोमवार उजाडला तेव्हा जवळपास 19 लाख ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना. काहींना दुसऱ्यांची खाती दिसू लागली. घडी बसायला महिने लागले. मुख्याधिकारी पॉल पेस्टर यांना त्याच वर्षी पद सोडावं लागलं आणि डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड केला. देखभालीवरचा खर्च म्हणजे वाया गेलेला पैसा असं मानणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यात वैयक्तिक करदात्यांची मूळ नोंदवही साठच्या दशकापासून असेम्ब्ली भाषेत चालते आहे आणि ती बदलण्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली आहे. तिथे पैशाची किंवा हुशारीची वाण नाही. जुन्यात नेमकं काय आहे हे पूर्णपणे जाणणारं कुणी उरलं नाही की नवं बांधता येत नाही, हे त्याचं कारण मला दिसतं.

तेव्हा वाट आहे का? आहे, पण ती पाटीवर लिहिलेल्या दिशेला नाही. नुसतं कोबॉल-जेसीएल येतं, एवढ्यावर पोट भरेल, मान मिळणार नाही. मेनफ्रेमच्या पोटात जाणारे सिस्टम प्रोग्रॅमर, म्हणजे झेड/ओएस ही मेनफ्रेमची कार्यप्रणाली बसवणारे, तिची सुरक्षा आणि डेटाबेस राखणारे, यांची उणीव खरी आहे, कारण त्यांचं कौशल्य बेकरच्या पहिल्या प्रकारातलं: एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेता येतं. ते शिकवणारी कॉलेजं आपल्याकडे जवळजवळ नाहीत. ज्येष्ठाच्या खुर्चीशेजारी बसूनच ते शिकावं लागतं. दुसरी एक जागा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मेनफ्रेमवरच्या सॉफ्टवेअरचं भाडं अनेक ठिकाणी महिन्यातल्या सर्वांत गजबजलेल्या सलग चार तासांच्या सरासरी वापरावर आकारलं जातं. जी व्यक्ती एखादी बॅच त्या चार तासांतून बाहेर हलवते किंवा डीबी2 ची एखादी आळशी क्वेरी सुधारते, ती थेट बिल उतरवते. ते वाचलेले डॉलर तिला कागदावर दाखवता येतात. आमच्या क्षेत्रात श्रमाचं फळ आकड्यांत दिसण्याच्या जागा मोजक्या. ही त्यांतली एक, आणि मी माझ्या हाताखालच्या मुलींना आग्रहाने तिकडे वळवत असे.

तिसरं, व्यवहार शिका. विमा शिका, पतपत्रांचा हिशेब शिका, कायदा वाचा. लिएंट्झ आणि स्वॉन्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 487 संस्थांची पाहणी करून 1980 साली पुस्तक लिहिलं. देखभालीच्या वेळाचा सर्वांत मोठा वाटा चुका निस्तरण्यात जात नाही, वापरणाऱ्यांच्या बदलत्या गरजा पुऱ्या करण्यात जातो, असं त्यांना आढळलं. म्हणजे देखभाल करणारी मुलगी रोज ग्राहकाच्या धंद्यातच काम करत असते. तिला ते कुणी सांगत नाही एवढंच. बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी, बीएनवाय यांची स्वतःची केंद्रं पुण्यात आहेत. स्वतःची यंत्रणा स्वतःच्या माणसांकडून सांभाळून घेणाऱ्या संस्थेत ही समज टिकवण्यात मालकाचं थेट हित असतं, म्हणून सेवा कंपनीत पाच-सात वर्षं घालवलेल्यांनी अशा जागांकडे जरूर पाहावं, असं माझं मत आहे. आपल्या देशी बँकांत ही संधी थोडी. आपल्याकडे संगणक उशिरा आले, बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समित्यांच्या शिफारशींनंतर म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून, आणि तोवर स्वस्त यंत्रं बाजारात होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारल्याशिवाय आता कुठलीही सभा संपत नाही. आयबीएमने 2023 मध्येच कोबॉलचं जावात रूपांतर करायला मदत करणारं साधन आणलं, आणि त्यानंतर अशी साधनं झपाट्याने सुधारली. ती कोड वाचतात, समजावून सांगतात, चांगलं सांगतात. दहा हजार ओळींच्या प्रोग्रॅममधला एक आकडा कुठून कुठे जातो, हे शोधायला आम्हाला दिवस लागत. आता मिनिटं लागतील. याचा मला आनंदच आहे. निव्वळ वाचून दाखवण्याच्या कामावर ज्यांची नोकरी उभी आहे, त्यांच्या जागा कमी होतील, हेही मी लपवणार नाही. पण त्या आयुर्विम्याच्या तीन ओळी आठवा. त्या काय करतात हे साधन सांगेल. त्या ठेवायच्या की काढायच्या, हे ठरवायला ते वचन ठाऊक असलेलं आणि उद्या चूक झाली तर उत्तर देणारं माणूस लागतं. आज ही जबाबदारी रात्री दोन वाजता कॉलवर असलेली टीम लीड पार पाडते, आणि तिच्या वेतनश्रेणीत या जबाबदारीची कुठेही नोंद नसते.

कंपन्यांतली, बँकांच्या केंद्रांतली काही वरिष्ठ मंडळी आज इथे आली आहेत. त्यांच्याशी थेट बोलते. व्यवस्थापक न होताही वर जाता येईल अशी पायरी देखभालीच्या कामात ठेवा, आणि एखाद्या यंत्रणेवर सलग आठ-दहा वर्षं टिकलेल्या माणसाला त्या टिकण्याचा वेगळा मोबदला द्या. ज्येष्ठ निवृत्त होण्याआधी एक वर्ष त्याच्यासोबत नवा माणूस बसवा आणि त्या वर्षाचे दोन्ही पगार करारात लिहा. निवृत्तांना तासावर परत बोलावण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

कामाला तोटा पडेल, ही भीती मात्र कुणी बाळगू नये. 2000 सालच्या दुरुस्तीत असंख्य प्रोग्रॅममध्ये आम्ही वर्षाचे चार आकडे केलेच नाहीत. वेळ नव्हता. त्याऐवजी एक खिडकी लावली: दोन आकडी वर्ष अमुक संख्येपेक्षा लहान असेल तर एकविसावं शतक धर, नाहीतर विसावं. ती संख्या कुणी 30 ठेवली, कुणी 40, कुणी 50. त्या खिडक्या आता एकेक करून बंद होत जातील, आणि कुठली कुठे आहे त्याची यादी बहुतेक ठिकाणी कुणाकडे नाही. शिवाय मेनफ्रेमचं मूळ घड्याळ 1900 सालच्या आरंभापासून 64 बिटांत वेळ मोजतं, आणि ते 17 सप्टेंबर 2042 रोजी भरून जाईल. त्यावर उपाय म्हणून अधिक रुंद घड्याळ यंत्रात केव्हाच आलं आहे. पण जुने आठ बाइट साठवून ठेवणारे प्रोग्रॅम माणसांनाच शोधून दुरुस्त करावे लागतील. आज प्रशिक्षणाच्या वर्गात बसलेली, मेनफ्रेम मिळालं म्हणून रडवेली झालेली मुलगी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे असेल. ती त्या यंत्रणेवर तेव्हा असावी असं वाटत असेल, तर तिचा पुढच्या पाच वर्षांचा पगार या वर्षीच्या करारात ठरतो आहे.